काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत

माझ्या काउंटरच्या काचेवर एक पाटी आहे. ‘काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत. नंतर तक्रार चालणार नाही.’ इचलकरंजीच्या एका सहकारी बँकेत अकरा वर्षं मी त्या पाटीमागे बसून लोकांच्या नोटा मोजते. फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडमध्ये रात्रीच्या बसमधून माझे ३०० डॉलर आणि ९,००० बाट गेले, शिवाय सकाळी १,२०० बाट मी स्वतःच्या हाताने काढून दिले. आम्ही ते चलन विकत घेतलं होतं त्या भावाने एकूण ५३,४३० रुपये. आकडा तोंडपाठ आहे. रोज रात्री झोपताना एकदा बेरीज करते, म्हणून.

लिहायची लाज वाटते. पण मार्चएंड संपल्यावर आमच्या शाखेतलीच एक मुलगी त्याच मार्गाने निघाली होती, बसही तसलीच धरणार होती. तेव्हा ठरवलं, लाज गेली खड्ड्यात.

आम्ही दोघी होतो, मी आणि माझी मावसबहीण, वय चोवीस. घरच्यांचं म्हणणं होतं ग्रुप टूरने जा. झेंडा घेतलेला टूर मॅनेजर, दुपारी वरणभात, संध्याकाळी श्रीखंड. मी मेहुण्यांना ऐटीत सांगितलं होतं की आम्हाला पाठीवर सॅक टाकून बसने, फेरीबोटीने, बेटाबेटांवरून फिरायचंय. ते वाक्य ते आता प्रत्येक लग्नात मला ऐकवतात.

बँकॉकच्या खाओ सान रोडवर आम्ही उतरलो होतो. तिथे दर दहा पावलांवर तिकीट विकणारं टेबल. बस, मिनीव्हॅन, फेरी सगळं एकत्र, ‘जॉइंट तिकीट’. इतर ठिकाणी दक्षिणेकडच्या सुरत थानी शहरामार्गे थायलंडच्या आखातातल्या बेटापर्यंत १,१०० ते १,३०० बाट सांगत होते. एका मावशीने ७५० सांगितले. दोघींचे १,५०० बाट. वर ‘व्हीआयपी बस’, डबल डेकर, पांघरूण, पाण्याची बाटली. मी बहिणीला म्हटलं, बघ, चार ठिकाणी विचारलं की फरक पडतो. हे मी म्हटलं. मीच. सुमारे साडेसहाशे किलोमीटरचा बसप्रवास, पुढे व्हॅन, पुढे अडीच तासांची बोट, हे सगळं इतक्या पैशांत कुणाला परवडतं, हा साधा हिशोब मला सुचला नाही. एखादा कर्जदार असा ताळेबंद घेऊन आला असता तर मी त्याला खुर्चीवरून उठवलं असतं.

आता ‘एवढी रोकड मोठ्या सॅकमध्ये ठेवलीच कशाला’ म्हणणाऱ्यांसाठी. खाओ सानला पाकीटमारांची भीती होती. अंगावरच्या पाऊचमध्ये पासपोर्ट, कार्ड आणि दोन दिवसांचे पैसे ठेवले होते. बाकीचं पाकीट, १०० डॉलरच्या ५ नोटा आणि १,००० बाटच्या २२ नोटा, आईने दिलेल्या थालिपीठाच्या भाजणीच्या पिशवीत खोल खुपसलं होतं. भाजणीत कोण हात घालणार? मला वाटलं, यापेक्षा सुरक्षित लॉकर आमच्या बँकेतही नाही. शिवाय सॅकच्या तोंडाला नाडी होती, ती मी स्वतः बांधली होती, सुरगाठ मारून. वरच्या झाकणाला क्लिप होती, कुलूप नव्हतं. कुलूप बहिणीच्या सॅकला होतं. तिच्या सॅकमध्ये कपडे होते.

संध्याकाळी सातला छातीवर हिरवा गोल स्टिकर चिकटवून आम्हाला शेळ्यांसारखं गल्लीबोळांतून चालवत बसपर्यंत नेलं. स्टिकरवर मार्करने बेटाच्या नावाची दोन अक्षरं. नाव विचारलं नाही, तिकिटाचा अर्धा भाग त्यांनी ठेवून घेतला. मोठ्या सॅक खाली डिकीत. मी म्हटलं, वर घेते, पायाशी राहील. तर म्हणे नाही, वर जागा नाही. वर निम्म्या सीट रिकाम्या होत्या. डिकीत सॅक लावणारा एक बारीक पोरगा होता. तो आत वाकून लावत होता म्हणता म्हणता अख्खा आत शिरलेला दिसला. बाहेर आलेला मी पाहिला नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. चालत्या बसच्या पोटात माणूस बसून रात्रभर सॅका उघडतो, ही या मार्गावरची जुनी कहाणी आहे, हे मला घरी आल्यावर कळलं. त्या रात्री तसंच घडलं का, मी शपथेवर सांगू शकत नाही. मी वर पांघरुणात घोरत होते.

पहाटे पाचच्या सुमाराला सुरत थानीच्या बाहेर एका ऑफिससमोर उतरवलं. शहर नाही, स्टँड नाही, धक्का नाही. शटर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक ट्यूबलाइट आणि काउंटरवर जांभया देणारी बाई. सॅका रस्त्यावर टाकल्या आणि बस गेली.

इथे थांबते. कारण सगळं इथे होतं.

मी सॅक उचलली तर नाडीला निरगाठ होती. मी आयुष्यात निरगाठ मारत नाही. परकराची नाडी अडकली की काय होतं ते लहानपणी एकदा अनुभवलंय, तेव्हापासून सुरगाठच. बोटांनी ती गाठ ओढून पाहिली, सुटेना. मनात काय आलं? तर बसच्या धक्क्यांनी आवळली असेल. धक्क्यांनी गाठ आवळते हो, पण सुरगाठीची निरगाठ होत नाही. झाकणावर तांबूस भुकटी होती. बहीण म्हणाली, “ताई, हे पीठ सांडलंय का?” मी म्हटलं, “धूळ आहे गं, डिकीतली.” आणि हाताने झटकली. हाताला धण्या-जिऱ्याचा वास आला. आला! मला आठवतोय. आईच्या भाजणीचा वास मी झोपेतही ओळखेन, आणि त्या पहाटे तो नाकाशी येऊनही मी हात जीन्सला पुसला.

बस तेव्हा वळणावर होती. मागचे लाल दिवे दिसत होते. नंबर तरी घेता आला असता.

मोजलं का नाही, हे माझं मलाच विचारून झालंय. झोप अर्धवट होती, लघवीला जायचं होतं, आणि तेवढ्यात त्या बाईने आवाज द्यायला सुरुवात केली होती. हिरवे स्टिकर इकडे, पिवळे तिकडे. हिरव्यांना सांगितलं की तुमच्या तिकिटावर सकाळची बोट नाही, दुपारी दोनची आहे, ती भरलीय असं वाटतं. आत्ता माणशी ६०० बाट भरले तर सातच्या व्हॅनने धक्का, पहिली बोट. एक जर्मन जोडपं भांडायला लागलं तर त्यांना खुर्ची दाखवली. बसा म्हणे. मी १,२०० मोजून दिले. छान मोजून, दोनदा. पावती मागितली तर तिने जुन्या तिकिटावरच पेनने बरोबरची खूण केली.

तासाभराने व्हॅन आली. तिच्यात आमच्याशेजारी तेच जर्मन जोडपं! एक पैसा जास्त न देता. तीच व्हॅन, तोच डोनसाकचा धक्का, तीच गाड्या-ट्रक नेणारी संथ बोट. त्यांनी आमच्याकडे पाहून खांदे उडवले. लक्षात ठेवा: अशा ऑफिसात ‘पैसे भरा नाहीतर थांबा’ म्हटलं की थांबा. धक्क्यावर माणसं पोचवल्याशिवाय त्यांचीही सुटका नसते, कारण मागून पुढची बस येतच असते.

बोटीवर वारा छान होता, पाणी हिरवं-निळं, दूरवर चुनखडीचे डोंगर. बहीण फोटो काढत होती. मी सनस्क्रीन काढायला सॅक उघडली. निरगाठ दातांनी सोडवली. आत काळ्या टीशर्टवर भाजणी पसरलेली. पिशवीला माझा रबरबँड होता, पण दोन वेढ्यांऐवजी तीन. पाकीट जागेवर होतं. आत डॉलरच्या २ नोटा आणि बाटच्या १३.

सगळे का नाही नेले? हेच तर त्यांचं कसब. सगळं पाकीट गायब झालं की माणूस तिथल्या तिथे बोंब मारतो. निम्मं ठेवलं की माणूस आधी स्वतःवर संशय घेतो. मी बोटीवर सगळा वेळ बहिणीला विचारत राहिले, आपण बँकॉकला किती खर्च केले, तू घेतलेस का, मी आणले तरी होते का पाच? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्यावर संशय घेतला याची भरपाई मी कुठल्या विमा कंपनीकडे मागू? खिशात एक्सचेंजवाल्याची पावती सापडली तेव्हा खात्री झाली, आणि तोवर बेट आलं होतं.

बेटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. राग तिथल्या पोलीस ठाण्यातल्या साहेबांवर आहे, समुद्रावर नाही. ३ तास २० मिनिटं बसवलं. मग फोनमधलं भाषांतराचं ॲप मध्ये ठेवून चौकशी. चोरी कुठे झाली? बसमध्ये. बस तेव्हा कुठे होती? आता हे मला कसं माहीत? पेच्चबुरीत, प्राचुआपमध्ये की चुम्फोनमध्ये, मी झोपले होते! मग ही तक्रार आमची नाही, सुरत थानीला जा. म्हणजे पुन्हा बोट, पुन्हा व्हॅन, आणि तिथले विचारणार की बस सुटली कुठून, मग बँकॉकला जा. हद्दीचा घोळ आपल्याकडेच असतो असं मला वाटायचं. ती आपली मक्तेदारी नाही एवढं कळलं. बस कंपनीचं नाव? तिकिटावर नव्हतं. नंबर? नाही. साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. “नेक्स्ट टाइम, बॅग विथ यू.” हे सांगायला सरकार पगार देतं! मी रडले नाही, मोठ्याने मराठीत बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पर्यटक पोलिसांचा ११५५ हा नंबर मात्र पाठ करून ठेवा. तिथली बाई इंग्रजीत नीट बोलली, ठाण्यातल्या माणसाशीही बोलली, म्हणून निदान एक कागद मिळाला. कागद थाई भाषेत. मी खुशीत सही केली. बँकेत रोज लोकांना सांगते, वाचल्याशिवाय सही करू नका. घरी येऊन भाषांतर केलं तर त्यात ‘चोरी’ शब्दच नाही, ‘प्रवासात पैसे हरवले’ असं. साहेबांच्या रजिस्टरला एक गुन्हा कमी, आणि विमा कंपनीला एक कारण जास्त. कंपनीने दोन कारणं कळवली: रोकड पॉलिसीत नाही, आणि असती तरी हरवलेली चालत नाही. माणशी १,१४२ रुपये हप्ता भरला होता. भरताना मी ती बारीक अक्षरं वाचली नव्हती, हेही मान्य. पण फोनवरच्या पोराने “मॅडम, तुम्ही तर बँकेत आहात ना?” असं विचारायची काय गरज होती? त्या सुरात?

परतताना नऊ दिवसांनी खाओ सानला त्या टेबलापाशी गेले. मावशी तिथेच, तीच हसरी. तिकिटाचं टोक दाखवलं. म्हणे, मी फक्त विकते, बस माझी नाही. बस कुणाची? दुसऱ्याची. दुसरा कुठे? तिने हवेत हात केला. बाजूला दोन इटालियन पोरं ७५० बाट मोजत होती. मी त्यांना सांगितलं. एक थांबला, दुसरा म्हणाला की आमच्याकडे चोरण्यासारखं काही नाही. गेले दोघंही.

बँकॉकच्या दक्षिणेकडच्या सरकारी बसस्थानकाला तिथे ‘साय ताय माय’ म्हणतात. मला ते ताई-माई ऐकू आलं होतं आणि आम्ही खूप हसलो होतो. हसत बसण्यापेक्षा तिथे जाऊन बस धरायला हवी होती. गावापासून लांब आहे, खाओ सानच्या दारात येत नाही, तिकीट थोडं जास्त असेल, पण बसला कंपनी असते, नंबर असतो, सामानाला टोकन असतं. किंवा रात्रीची स्लीपर रेल्वे घ्या. सॅक आपल्या बर्थजवळ राहते आणि सुरत थानी स्टेशनवरून धक्क्याकडे व्हॅन मिळते.

रोकड अंगावर. झोपताना पोटाखाली, लाज वाटली तरी. डिकीत सॅक जाणारच असेल तर तिच्यात फक्त मळके कपडे आणि भाजणी. ठेवताना सॅकच्या तोंडाचा फोटो काढा, बसच्या नंबरप्लेटचाही. आणि सॅक हातात आली की बस हलायच्या आत उघडा. तिथेच, रस्त्यावर, सगळ्यांसमोर. ड्रायव्हर हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

बहिणीने डिसेंबरसाठी व्हिएतनामचं काढलंय. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आईला यातलं अजून काही सांगितलेलं नाही. आल्या आल्या तिने विचारलं होतं, भाजणी पुरली का गं? म्हटलं, पुरली.