सेंच्युरिअनचं पोट: तयार रेझिन की घरचं प्लास्टिक कार्ड?

प्लास्टिक मॉडेलच्या एकाच किटचे दोन रणगाडे करायचा वेडेपणा मी केलाय, म्हणून या विषयावर बोलायला थोडी जागा आहे असं समजतो. दोन्ही १/३५ मापातले, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचे सेंच्युरिअन रणगाडे, दोन्ही १९७१ च्या युद्धातल्या पूना हॉर्स या आपल्या रणगाडा रेजिमेंटचे. त्यातला एक फामागुस्ता, म्हणजे १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत परमवीरचक्र मिळवणारे अरुण खेत्रपाल शेवटपर्यंत ज्यात होते तो. दोन्हींच्या टरेटची, म्हणजे वरच्या फिरत्या, तोफ बसवलेल्या भागाची झाकणं मला उघडी हवी होती. झाकण उघडलं की आत काहीतरी दिसायला हवं, आणि किटात आत काहीच नव्हतं. तोफेच्या मागे एक ठोकळा दिला होता, झालं. पहिल्यात मी बाहेरून मागवलेला, रेझिन साच्यात ओतून केलेल्या आतल्या भागांचा तयार सेट बसवला, दुसऱ्यात सगळं प्लास्टिक कार्ड, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ शीट कापून केलं. परवा रामबागेतला एक कॉलेजचा मुलगा विचारत होता, ‘काका, सेट मागवू का?’ त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर.

पैशाचं आधी उरकतो. सेट मला किटच्या निम्म्याहून महाग पडला आणि यायला दीड महिना लागला. कार्डाच्या चार जाडीच्या शीट एकदा घेतल्या त्या तिसऱ्या वर्षीही पुरतायत. तांब्याची बारीक तार जुन्या चार्जरच्या वायरीतून निघते; जेल रोडवर मेलेले चार्जर मागितले तर दुकानदार हसत हसत देतो.

दिसण्यात मात्र रेझिन पुढे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ब्रीचची, म्हणजे तोफेच्या गोळा भरायच्या मागच्या भागाची गोलाई, सीटच्या गादीला पडलेल्या सुरकुत्या, वायरलेस सेटवरची बटणं, हे सगळं साच्यातून नेमकं उतरतं. कार्डातून करायला गेलं की माझ्या हातून तरी शेवटी खोकंच तयार होतं. सेट दुसऱ्या एका किटसाठी बेतलेला असल्यामुळे माझ्या टरेटची भिंत आतून घासून पातळ करावी लागली, तेही चालवून घेतलं. रेझिनची धूळ फुफ्फुसात जाऊ नये म्हणून मास्क लावून, पॉलिश पेपर पाण्यात भिजवत दोन रविवार बाल्कनीत काढले.

माझं मन उडालं ते सुपरग्लूमुळे.

रेझिनला किंवा पितळी फोटो-एचला (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याच्या तुकड्यांना) किटचं प्लास्टिक सिमेंट धरत नाही. ते सिमेंट पॉलिस्टायरीन विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. इथे विरघळण्यासारखं काही नसतंच. मग सुपरग्लू आलाच. मी टरेटमधलं सगळं चिकटवलं, रंगवलं, शेवटी निसटलेलं एक पेरिस्कोप परत बसवलं आणि त्याच रात्री टरेटचे दोन्ही भाग जोडून टाकले. श्रावण होता, बाहेर झड लागलेली. सकाळी लोडरच्या (तोफेत गोळा भरणाऱ्याच्या) झाकणातून टॉर्च मारला तर वायरलेस सेटच्या काळ्या तोंडावर कुणीतरी रांगोळीची पूड फुंकल्यासारखी पांढरी झाक. पेरिस्कोपच्या काचा आंधळ्या. आणि ब्रीचच्या गडद, चकचकीत भागावर माझ्याच अंगठ्याचा ठसा, रेघन् रेघ मोजता येईल असा.

सुपरग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की पांढरी होऊन बसते, आणि बोटाच्या घामावर तर हमखास. पोलीस याच युक्तीने ठसे उठवतात, हे मला ठाऊक होतं. स्वतःचा ठसा उठेपर्यंत डोक्यात शिरलं नव्हतं. बंद टरेटमध्ये वाफेला जायला वाट नसते. टरेट सिमेंटने जोडलेलं, म्हणजे उघडायचा प्रश्नच नाही. टूथपिकला कापूस गुंडाळून झाकणातून जेवढं पुसता आलं तेवढं पुसलं. त्या नादात लोडरची सीट निखळली, ती अजून आत कुठेतरी खुळखुळते.

कुणी म्हणेल, अराल्डाइट वापरा, पंख्याखाली ठेवा, दोन दिवस झाकू नका. बरोबर आहे, आणि ज्यांना तेवढा धीर आहे त्यांचे सेट सुंदर होतातही. मला तो धीर नाही.

दुसऱ्या रणगाड्याच्या वेळी म्हणून उलटीकडून सुरुवात केली. टरेट नुसतं टेपने जोडलं, झाकणं उघडी ठेवली आणि टॉर्च मारून जेवढं दिसेल तेवढ्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. डावीकडून लोडरची सीट, ब्रीचची एक बाजू, तीन-चार गोळे आणि मागच्या कोनाड्यातला वायरलेस. उजवीकडून कमांडरची सीट आणि गनरच्या पाठीमागचा थोडा भाग. बस. ड्रायव्हरचं झाकण बंद ठेवणार होतो, त्यामुळे त्याच्या बाजूचा दारूगोळा करायचं कारणच उरलं नाही. विकतच्या सेटमधले निम्मे तुकडे पहिल्या रणगाड्यात कुणाच्याही नजरेला पडत नाहीत, हे तेव्हा लक्षात आलं.

हिशोब साधा असतो. सेंच्युरिअनची २० पाउंडर तोफ ८४ मिलिमीटर व्यासाची, ३५ ने भागलं की २.४. गोळ्याच्या टोकाला तेवढ्या जाडीचा रॉड घ्यायचा. सीटला अर्ध्या मिलिमीटरचं कार्ड, वर इपॉक्सी पुट्टीची गादी, ती ओली असतानाच टाचणीने दोन सुरकुत्या. रिव्हेटसाठी मेणबत्तीवर स्प्रू (किटचे तुकडे ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडून येतात ती काडी) ताणायचा आणि ब्लेडने चकत्या पाडायच्या. मापं मी फोटोंवरून काढली. अहिल्याबाईंच्या माहेरच्या जिल्ह्यात, नगरच्या रणगाडा संग्रहालयात मुद्दाम जाऊनही आलो, पण सेंच्युरिअनच्या आत काही डोकावता आलं नाही.

कार्डाचीही खोड आहे. ब्रीचसाठी एक मिलिमीटरचे पाच थर एकावर एक चिकटवले तर आतलं सिमेंट आठवडाभर सुकत नाही. घाईने घासायला घेतलं आणि कडा चिखलासारखी सरकली. पाव मिलिमीटरच्या कार्डावर ब्रश जरा जास्त ओला टेकला तर ते पापडासारखं वळतं. पण ते सगळं डोळ्यांसमोर होतं. तुकडा फेकायचा, दुसरा कापायचा.

तेव्हा सगळा रणगाडा उभा कापून आतलं दाखवायचं असेल, तर सेट घ्यावा, मी अडवणार नाही. एक-दोन झाकणांपुरतं असेल तर मी आपला कार्डाच्या बाजूने. त्या मुलाला मी माझ्या सेटमधलं उरलेलं देऊन टाकलं, म्हणजे इंजिनाची भिंत, ड्रायव्हरची जागा आणि बराचसा दारूगोळा. आणि बजावलं की चिकटवशील तेव्हा टरेट दोन दिवस उघडं ठेव. त्याने त्याच दिवशी बंद केलं असणार.