थकलेलं फेडरल कर्ज: रिहॅबिलिटेशन की कन्सॉलिडेशन?

अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, विद्यार्थी कर्जाचे हप्ते थकले, 270 दिवस उलटून डिफॉल्ट झालं, म्हणजे कर्ज बुडवल्याची नोंद झाली, की ओळखीतलं कुणीतरी हमखास सांगतं, 'गप्प बस, काही वर्षांत वसुलीच्या दाव्याची मुदत संपते.' खासगी कर्जाला राज्याराज्यांच्या मुदती आहेत, हे खरं. (तिथेही जुन्या कर्जापोटी दहा-वीस डॉलर भरले तर अनेक राज्यांत मुदत नव्याने सुरू होते, सांभाळा.) पण फेडरल कर्जावरची मुदत काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, 1991 मध्येच काढून टाकली. 2005 च्या लॉकहार्ट खटल्यात सुप्रीम कोर्टाने दहा वर्षांहून जुन्या कर्जापोटी सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शनचे) पैसे वळते करायलाही हरकत घेतली नाही. मीही दोन वर्षं गप्प बसलो होतो. दोन्ही वर्षी टॅक्स रिफंडऐवजी तो वळता केल्याचं पत्र हातात पडलं. मग पगारातून 15 टक्क्यांपर्यंत कापणार असल्याची नोटीस आली, आणि त्यासाठी सरकारला कोर्टातही जावं लागत नाही. म्हणून थांबून राहण्याचा विचार मी सोडला.

डिफॉल्टमधून बाहेर पडायला उरले दोन मार्ग. कन्सॉलिडेशनचा मोठा गुण वेग. उत्पन्नावर आधारित योजनेत हप्ते भरायचं कबूल केलं की जुनं कर्ज नव्या कर्जात मिटतं आणि एक-दोन महिन्यांत माणूस डिफॉल्टमधून बाहेर. मात्र पगारकपातीचा आदेश लागू झाला असेल तर तो उठेपर्यंत हा रस्ता बंद. नोटिशीनंतरचे 30 दिवस वाया घालवू नका, ते यासाठीच.

रिहॅबिलिटेशन, म्हणजे ठरलेले हप्ते भरून तेच कर्ज डिफॉल्टमधून सोडवणं, सावकाश चालतं. सलग दहा महिन्यांत नऊ हप्ते, वेळेवर. हप्ता उत्पन्नावरून ठरतो, त्यामुळे तो माझ्या अंदाजापेक्षा बराच कमी निघाला. पण पगारातून सक्तीने कापलेली रक्कम या नऊ हप्त्यांत धरत नाहीत, म्हणजे काही महिने दुहेरी भार पडू शकतो. शिवाय माझ्या वेळी ही संधी एका कर्जाला एकदाच मिळायची.

असं असूनही मी हाच मार्ग धरला, आणि त्याला कारण झालं एक भाड्याचं घर. डिफॉल्टमध्ये असताना अपार्टमेंटसाठी अर्ज केला होता. ऑफिसातल्या बाईंनी क्रेडिट रिपोर्टची प्रिंट माझ्याकडे फिरवली आणि पेनाने डिफॉल्टच्या त्या एका ओळीखाली रेघ मारली. पगार पुरेसा होता, भाडं कधी चुकलं नव्हतं, तरी घर मिळालं नाही. बायको शेजारीच उभी होती. कन्सॉलिडेशनने कर्ज सुटतं, पण ती ओळ सात वर्षांपर्यंत रिपोर्टवर राहते. रिहॅबिलिटेशनने ती निघते. आधीच्या उशिरा भरलेल्या हप्त्यांच्या नोंदी तशाच राहतात, हेही सांगायला हवं. पण पुढच्या घराच्या वेळी त्यांच्याबद्दल मला कुणी विचारलं नाही.

तुमचं घर पक्कं असेल, नवं कर्ज काढायचं नसेल, तर कन्सॉलिडेशन कदाचित सोयीचं पडेल. पुन्हा कॉलेजला जायची घाई असेल तरीही; रिहॅबिलिटेशनमध्ये नव्या फेडरल मदतीसाठी आधी सहा हप्ते भरावे लागतात. बाकी कुणी विचारलं तर मी नऊ हप्त्यांकडेच बोट दाखवीन. नववा हप्ता गेला की कर्ज नव्या सर्व्हिसरकडे, म्हणजे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीकडे, जातं. तिथे ऑटोपे नव्याने लावा आणि उत्पन्नावर आधारित योजनेचा अर्ज त्याच आठवड्यात भरा, नाहीतर पुढचा हप्ता एकदम मोठा येतो.