जुनी सायकल घेताना मी कसा फसलो

मी चौतीस वर्षे सरकारी लेखापरीक्षणात काढली. बिलावरची खाडाखोड, शाईतला फरक, तारखेतली गफलत शोधण्याचाच मला पगार मिळत असे, आणि निवृत्तीनंतर आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठांना ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ अशी व्याख्याने देण्याचे कामही मी हौसेने अंगावर घेतले होते. अशा माणसाने १७ ऑगस्ट २०२५ रोजी, रविवारी संध्याकाळी, इंदुरात महूनाक्याजवळ उभे राहून चोरीची सायकल ११,५०० रुपयांना विकत घेतली. यात ओटीपी नव्हता, लिंक नव्हती, कुणी साहेबाचा आवाज काढून घाबरवलेही नव्हते. वस्तू समोर होती, चष्मा नाकावर होता, आणि तरीही मी फसलो.

मुळात जुनी सायकल घेण्याची वेळ माझ्यावर का आली, तेही सांगायला हवे. २०१८ साली ८,२०० रुपयांना घेतलेली माझी स्वतःची सायकल उत्तम चालत होती. जुलैमध्ये आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याने ती भंवरकुव्याला क्लाससाठी न्यायला मागितली आणि मी दिली. क्लासबाहेरच्या रेलिंगला त्याने ती बारीक साखळीने बांधली, तीही केवळ पुढच्या चाकातून, आणि दोन तासांनी बाहेर आल्यावर तिथे फक्त पुढचे चाक शिल्लक होते. (साखळी चौकटीतून घाला, चाकातून नव्हे, चाक काढायला एक मिनिट पुरते.) मुलगा रडवेला होऊन १,००० रुपये देऊ लागला. मी मोठेपणाने ते नाकारले. त्या मोठेपणाचा हिशेब पुढे येईलच.

पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलो, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने सायकलीची आजची किंमत विचारली. इथे माझ्यातला लेखापरीक्षक जागा झाला. दरसाल दहा टक्के घसारा, सात वर्षे, म्हणजे ३,९२२ रुपये, असा हिशेब मी त्याला तोंडी करून दाखवला आणि अर्जात ‘सुमारे ४,००० रुपये’ असे लिहिले. त्याचा चेहरा खुलला, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे पाच हजारांहून कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र ठरते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपासच करता येत नाही. माझ्याच हाताने मी माझी तक्रार पुरली. खोटी किंमत लिहा असे मी मुळीच म्हणणार नाही, परंतु कुणी विचारल्याशिवाय घसारा लावत बसू नका. खरेदीचे बिल पुढे करा आणि गप्प राहा.

सकाळी सायकल चालवण्याची सवय सुटेना आणि नव्या गिअरच्या सायकलींच्या किमती ऐकवेनात, म्हणून मी जुन्या वस्तूंच्या जाहिराती पाहू लागलो. (२२ सप्टेंबरपासून सायकलींवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. पाच आठवडे थांबलो असतो तर नव्या सायकलीचाच विचार केला असता. पण थांबणे कुणाला सुचते?) एका जाहिरातीत राखाडी रंगाची, एकवीस गिअरची सायकल १४,००० रुपयांना होती. मी हिंदीत संदेश पाठवला आणि उत्तर मराठीत आले, ‘काका, तुमच्या आडनावावरून वाटले, आपलेच असाल.’

माझी खरी फसवणूक त्या एका वाक्यात झाली, असे मला आता वाटते. इंदुरात आपल्या माणसांचे हे असेच आहे. दुकानात, बसमध्ये, बँकेच्या रांगेत आपण दिवसभर हिंदी बोलतो, आणि अचानक कुणी ‘काका’ म्हणून मराठीत बोलले की आपण निम्मे विरघळतो. तो मुलगा फोनवर म्हणाला की त्याचे बालपण रामबागेत गेले, त्याच्या आजीचे माहेर देवासचे, त्याला पुण्यात नोकरी लागली आहे आणि गणपतीच्या आत तिथे हजर व्हायचे आहे, म्हणून घाई. घाईचे कारण सांगणारा विक्रेता म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होते. तरीही त्या घाईतला गणपती मला खरा वाटला. जो मुलगा गणपतीचा हिशेब धरतो, तो चोर कसा असेल, असा माझा तर्क होता. हा तर्क कागदावर उतरवताना माझे मलाच कानकोंडे होते. भाषेवरून माणसाची खातरी करू नका, चोराचीही काहीतरी मातृभाषा असतेच.

सायकल जागेवर राहावी म्हणून ५०० रुपये मी आधीच यूपीआयने पाठवले. पडद्यावर नाव एका बाईचे आले. ‘वहिनीचे खाते आहे, काका, माझे पुण्याच्या पगारासाठी बदलतो आहे.’ मी मान्य केले. कृपा करून हे करू नका. ज्याच्याशी व्यवहार, त्याच्याच नावावर पैसे. नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. आणि सायकल न पाहता दिलेले आगाऊ पैसे घेऊन कुणी फोनच बंद केला, तर उद्यापर्यंत वाट न पाहता त्याच मिनिटाला १९३० क्रमांकावर फोन करा.

आता त्या संध्याकाळकडे येतो, ज्या दहा मिनिटांची उजळणी मी अजून रोज रात्री करतो. भुरभुर पाऊस होता. मुलगा सायकलीवर बसून आला नाही, हाताने ढकलत आला; पाय मुरगळला आहे म्हणाला. बसणे, म्हणजे सीट, इतके उंच केलेले होते की जेमतेम सव्वापाच फुटांच्या त्या मुलाचे पाय पॅडलपर्यंत पोहोचलेच नसते. मी हे पाहिले. पाहिले आणि मनातल्या मनात म्हणालो, ‘हल्लीच्या पोरांची काहीतरी फॅशन असेल.’ कुलूप अडकवायची प्लास्टिकची पकड चौकटीवर होती, कुलूप मात्र नव्हते. ‘हरवले, काका.’ बिलाचा फोटो त्याने दाखवला, त्यावर मॉडेलचे नाव जुळत होते, चौकटीचा क्रमांक लिहिलेलाच नव्हता. बरीच दुकाने तो लिहीत नाहीत, हे खरे आहे. म्हणूनच नवी सायकल घेताना दुकानदाराकडून तो बिलावर लिहून घ्या.

हा क्रमांक बहुतेक सायकलींवर पॅडलचा आस ज्या नळीत बसतो, तिच्या खालच्या बाजूला ठोकलेला असतो. मला हे ठाऊक होते. म्हणून तर मी पावसात वाकलो आणि चष्म्यावर थेंब पडत असल्यामुळे डोळ्यांऐवजी बोटाने क्रमांक चाचपू लागलो. बोटाला खाचा लागल्या नाहीत, गुळगुळीत, किंचित चिकट असे काहीतरी लागले. बोट वर घेऊन पाहिले तर टोक काळे. सायकल राखाडी, आणि रंग काळा. मी बोट नाकाशी नेले. त्याला टर्पेंटाइनचा वास होता, वंगणाचा नव्हता.

‘कालच ऑइलिंग केले, काका,’ तो म्हणाला.

आणि मी, ज्याने शाईच्या वासावरून मागील तारखेचे व्हाउचर पकडले आहे, त्या मी खिशातून रुमाल काढून बोट पुसले. प्रकाश कमी होता, पाऊस होता, मागून गाड्यांचे हॉर्न वाजत होते, हे सगळे खरे आहे आणि माझ्या जागी कुणीही असते तरी कदाचित हेच केले असते. पण स्पष्टच लिहितो, मला त्या क्षणी कळले होते. कळले होते आणि सौदा १४,००० वरून ११,५०० वर उतरल्याचा आनंद त्याहून मोठा होता. ९,००० यूपीआयने त्याच ‘वहिनी’ला आणि २,००० रोख दिले. मुरगळलेल्या पायाचा तो मुलगा मग वाट पाहत उभ्या असलेल्या एका स्कूटरवर टुणकन उडी मारून बसला आणि गेला. घरी रुमाल धुवायला टाकताना बायको म्हणाली, ‘अहो, सायकल आणायला गेला होतात की खिडक्या रंगवायला?’ डाग अजून निघालेला नाही.

कॉलनीतल्या मिस्त्रीने दोन ट्यूब ३६०, ब्रेकचे रबर २४०, चेन आणि गिअरचे काम ४५० असा हिशेब केला आणि सायकल उलटी केल्यावर एवढेच म्हणाला, ‘बाबूजी, नंबर घिसा हुआ है.’ मी म्हणालो, जुनी आहे, झिजला असेल. ठोकलेला क्रमांक झिजत नाही, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. मी २९० रुपयांचे नवे कुलूप घेतले.

१२ ऑक्टोबरच्या सकाळी सुपर कॉरिडॉरवर, जिथे रविवारी निम्मे इंदूर फिरायला आणि सायकली पळवायला येते, एका उंच तरुणाने माझ्यापुढे सायकल आडवी घातली. अतिशय शांतपणे तो म्हणाला की ही सायकल त्याची आहे. मी अर्थातच आवाज चढवला. क्रमांक दाखव म्हणालो, कारण क्रमांक नाही हे मला माहीत होते. त्या क्षणी मी चोराच्याच बाजूने बोलत होतो, हे नंतर लक्षात आले. लोक जमले. त्याने सीटखालचा खटका उघडला, सीटची दांडी वर ओढून बाहेर काढली आणि मोकळ्या नळीत एक वाकवलेला स्पोक घालून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, बोटभर लांबीची सुरळी वर काढली. आतल्या चिठ्ठीवर त्याचे नाव, फोन आणि २०२३ मधली खरेदीची तारीख होती. हे आजच्या आज आपापल्या सायकलीत करा; खर्च शून्य. गर्दीतून कुणीतरी ‘अंकलजी, शक्ल से तो शरीफ लगते हो’ म्हणाले. बासष्टाव्या वर्षी, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, हे ऐकले.

आम्ही दोघे मिळून पोलिसांकडे गेलो, आणि तिथून पुढची कथा चोरापेक्षा मला अधिक संताप आणते. त्या तरुणाची सायकल २४,५०० रुपयांची होती, म्हणजे पाच हजारांची अडचणही नव्हती. तरी ऑगस्टमध्ये त्याचा गुन्हा नोंदवलाच नव्हता, केवळ अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून दिला होता. (अर्जावरचा शिक्का म्हणजे एफआयआर नव्हे. दोन्हींतला फरक विचारून घ्या.) आता सायकल सापडली म्हटल्यावर ‘मिल गई ना? फिर क्या लिखाना?’ असा प्रश्न आला. मी म्हणालो, ज्याने मला ती विकली त्याचा फोन नंबर आहे, पैसे गेलेले खाते आहे, जाहिरातीचे फोटो आहेत. उत्तर मिळाले की सौदा जिथे झाला तिथे जा. तिथे गेलो तर म्हणाले, सायकल जिथे सापडली तिथे जा. दखलपात्र गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्याला तो नोंदवावा लागतो, हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या त्याच संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. मी ते छापून नेले होते. ‘काकाजी, साइकिल के लिए जीरो एफआईआर?’ असे म्हणून समोरचा हसला, शेजारचाही हसला. उलट मलाच सांगण्यात आले की चोरीचा माल घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, तेव्हा जपून. कायदा ‘चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असताना’ घेणाऱ्यालाही धरतो, हे वाचून मला रुमाल आठवला आणि त्या दिवशी मी गुपचूप घरी आलो, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. खाते कुणाचे, हे पोलिसांच्या पत्राशिवाय सांगता येणार नाही, असे बँकेने सांगितले. पोलिसांनी सांगितले, बँकेतून खात्याचा तपशील आणा, मग पत्राचे बघू. या दोन टेबलांमध्ये मी सहा फेऱ्या मारल्या, प्रत्येक वेळी रिक्षाचे येऊन-जाऊन १६० रुपये, म्हणजे ९६० रुपये, आणि ते मी नुकसानीत धरलेलेच नाहीत. राज्याच्या तक्रार निवारणाकडे नोंदवलेली तक्रार अकराव्या दिवशी ‘तक्रारदाराचे समाधान झाले’ असा शेरा मारून बंद झाली. माझे समाधान कुणी, कधी, कोणत्या टेबलावर केले? लेखापरीक्षणात असा शेरा मी कुणाला लिहू दिला नसता. शेवटी त्याच कलमातल्या तरतुदीप्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे रजिस्टर पोस्टाने लेखी तक्रार पाठवली आहे. पोचपावती आली आहे, उत्तर आलेले नाही. त्यानंतरचा मार्ग दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याचा आहे, आणि तो मी करणार आहे.

सायकल त्या तरुणाला परत दिली, आणि त्यात माझा काही उदारपणा नाही. विकणाऱ्याकडे मालकीच नसेल तर घेणाऱ्याकडे ती येत नाही, मग त्याने कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजलेले असोत. माल विक्रीचा १९३० सालचा कायदा हेच सांगतो. पैसे मागायचे ते विकणाऱ्याकडे, आणि त्याचा फोन ऑगस्टपासूनच बंद आहे. तरुण भला निघाला. दुरुस्तीचे पैसे देतो म्हणाला. विद्यार्थ्याचे १,००० नाकारणारा मोठेपणा आता माझ्यात उरला नव्हता, म्हणून मी मिस्त्रीच्या चिठ्ठीप्रमाणे १,०५० रुपये मोजून घेतले. कुलूप त्याला नको होते, त्यामुळे त्याचे २९० हिशेबातून वगळले. ते माझ्याकडे दोन्ही किल्ल्यांसह तसेच पडून आहे; कुणाला हवे असल्यास २०० रुपयांना देईन, बिलासकट.