साक्ष द्यायला शिकवणारा वर्ग : पाचपैकी साडेतीन

गोव्यात वास्कोतल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, पावसाळ्याआधी शनिवारी संध्याकाळी एक वर्ग घेतला. विषय : आपला विश्वास चारचौघांत न घाबरता कसा सांगायचा. फी 200 रुपये, त्यात चहा आणि पॅटिस. मंडळीचं नाव इंटरनेटवर टाकू नका, असं पाळकांनी बजावलंय, म्हणून टाकत नाही. न घाबरायला शिकवणाऱ्या वर्गाचंच नाव झाकून ठेवायचं, यावर हसायचं तर हसा. पण उद्या कोणी तक्रार केली तर पोलीस ठाण्यात खेपा पाळकांना घालाव्या लागतात, आपल्याला नाही.

मी मूळचा नगरचा, पणजोबांपासून ख्रिस्ती, वेर्ण्याला औषध कंपनीत पॅकिंगला. आडनावावरून कोणाला पत्ता लागत नाही. तसं पाहिलं तर गोव्यात ख्रिस्ती असणं ही लपवायची गोष्ट नाहीच. 2011 च्या जनगणनेत चारातला एक माणूस ख्रिस्ती होता. नाक्यानाक्यावर खुरीस म्हणजे क्रूस, मे महिन्यात त्यापुढे लदीन म्हणजे गायलेली प्रार्थना, डिसेंबरात जुन्या गोव्याचं फेस्त म्हणजे चर्चची जत्रा. पण इथला ख्रिस्ती म्हणजे कोकणी बोलणारा कॅथलिक, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मराठी बोलणारा ख्रिस्ती भेटला की दोन्हीकडचे दचकतात. कॅथलिक विचारतात, ‘तूं बिलिव्हर मरे?’ म्हणजे कॅथलिक नसलेल्या नव्या पंथातला ना? हिंदू मित्र तोंडाने काही विचारत नाहीत, पण ‘हे कधी बाटले?’ हे चेहऱ्यावर वाचता येतं. त्यामुळे गप्प बसणं सोयीचं पडतं. वर्गात आलेले बहुतेक असेच : बंदरातले, नेव्हीतले, एक ब्यूटी पार्लरवाल्या ताई, एक बँकेतले.

पहिला शनिवार ओळखीपाळखीत गेला. गाणी जास्त झाली. पेटीचा एक सूर बसलेला होता, तो कोणी दुरुस्त केला तर बरं.

दुसऱ्या शनिवारसाठी मात्र 200 काय, 500 रुपयेही दिले असते. शिकवायला कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर होते. त्यांनी सुरुवातच इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाने केली. 1560 ला गोव्यात सुरू झालं, मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं. देवळं त्याच्या आधीच पाडायला लागले होते, माणसं मूर्ती घेऊन नदीपलीकडे गेली होती. सर म्हणाले, ‘तुम्ही येशूचं नाव काढलंत की समोरच्या गोंयकाराला हे सगळं आठवतं. तो तुमच्याशी भांडत नसतो, तो घाबरलेला असतो.’ माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. भीती म्हणजे आपलीच, असं धरून मी चाललो होतो.

लगेच पुढे त्यांनी फादर स्टीफन्स काढला. इंग्लंडचा हा जेझुइट (येशूसंघाचा पाद्री) 1579 ला गोव्यात आला, इथेच राहिला, इथली भाषा शिकला, आणि त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली. ते ख्रिस्तपुराण 1616 ला साष्टीत राशोलला छापलं गेलं. म्हणजे गोव्यात मराठीतून ख्रिस्त सांगणं चारशे वर्षं जुनं आहे, आणि आम्ही ‘मराठी असून ख्रिस्ती?’ या प्रश्नाला बावरतो! हॉलमध्ये दोघांनीच हे नाव आधी ऐकलं होतं, हे मात्र आम्हा सगळ्यांना लाज वाटण्यासारखं.

कायद्याचा भागही त्यांनी नीट घेतला. घटनेच्या 25 व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. 1977 ला स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. यावर बँकवाले जरा कुरकुरले. सरांनी त्यांच्यासमोर पेत्राचं पहिलं पत्र ठेवलं, तिसरा अध्याय, पंधरावं वचन. तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि तेही सौम्यपणे. ‘विचारलं तर,’ सर दोनदा म्हणाले. आजाऱ्याच्या खाटेशी न विचारता प्रार्थना सुरू करायची नाही, शाळेच्या फीचं किंवा नोकरीचं आमिष दाखवायचं नाही, ‘नको’ म्हटलं की थांबायचं.

त्यानंतरचा घंटीचा खेळ भन्नाट. जोडीदारासमोर बसून तीन मिनिटांत आपली गोष्ट सांगायची. तारण, अभिषेक, कोकऱ्याचं रक्त असा एखादा चर्चमधला शब्द आला, की जोडीदाराने टेबलावरची घंटी दाबायची. माझ्या वेळी ती इतकी वाजली, की बाहेरच्याला आत आरती चाललीय असं वाटलं असतं. पार्लरवाल्या ताई मात्र एकदाही अडकल्या नाहीत. ‘नवरा गेला तेव्हा घरात दोनच गोष्टी होत्या, गॅसची थकबाकी आणि आईचं बायबल,’ इथून त्यांनी सुरुवात केली. हॉलमध्ये पंख्याखेरीज आवाज नव्हता. बायबल उघडून त्यांनी काय वाचलं, ते त्यांनी सांगितलं. आम्हाला काय वाटायला हवं, ते सांगितलं नाही.

आता दीड गुण का कापला ते. तिसऱ्या शनिवारी बाहेरून कोणी प्रशिक्षक आणले होते. त्यांची पुस्तिका सरळ इंग्रजीतून उतरवलेली, झेरॉक्सही पुसट. त्यात ठरलेले संवाद : ‘आज रात्री तुम्ही मेलात तर कुठे जाल?’ सकाळच्या शिफ्टच्या बसमध्ये हे विचारलं तर शेजारचा चिखलीच्या स्टॉपलाच उतरेल. वर एक तक्ता, दहा ओळखीच्यांची नावं आणि फोन नंबर भरून द्यायचा. हे म्हणजे विमा एजंटचं काम झालं. मी तो कोरा परत केला, आणखी काहींनीही केला. आदल्या आठवड्यात सरांनी जे कमावलं होतं ते या दोन तासांत निम्मं गेलं. आयोजकांनी दोन्ही वक्त्यांना आधी एकमेकांशी बोलायला लावायला हवं होतं.

उपयोग झाला का? माझ्यापुरतं सांगतो. कंपनीत कोणाच्याही घरचा प्रसाद आला की मी ‘शुगर आहे’ म्हणून हात जोडायचो. वर्ग संपल्यावर शेजारच्या लाइनवरच्या नाईकने सत्यनारायणाचा शिरा पुढे केला, तेव्हा खरं सांगितलं : मी ख्रिस्ती आहे, प्रसाद म्हणून घेत नाही, पण तुझ्या घरी जेवायला कधीही येईन. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हटलं, आता काही खरं नाही. तर म्हणतो कसा, ‘मग इतके दिवस कँटीनमध्ये तुझ्यासाठी बिनसाखरेचा चहा मी कशाला भांडून आणत होतो?’ नंतर चहा पिताना त्यानेच विचारलं, तुमच्यात मेलेल्या माणसाचं पुढे काय होतं म्हणतात. त्याचे वडील चतुर्थीच्या तोंडावर वारले होते. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, घंटी न वाजता.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. बोलणं सगळं मराठीतून, कोकणी चालतं. वादात जिंकायची उत्तरं हवी असतील तर जाऊ नका, ती इथे मिळत नाहीत. वर्ग संपता संपता साडेआठ होतात, त्यामुळे फोंडा-मडगावच्या लोकांनी परतीच्या बसचं आधी बघून ठेवा. तिसऱ्या शनिवारी दांडी मारलीत तरी चालेल, पॅटिस त्या दिवशीही तेच असतात.