हाफ तिकिटाचे दिवस परत आले : कराड ते गुहागर, लाल एसटीने

रेटिंग आधी सांगतो, पाचपैकी चार. एक मार्क माझ्या कंबरेनं कापलाय, त्यात एसटीचा काही दोष नाही.

रिटायर होऊन आठ वर्षं झाली. पहिली दोन-तीन वर्षं सगळे करतात तेच आम्हीपण केलं, पॅकेज टूर. कंपनीचं नाव घेत नाही, पण सात दिवसात नऊ ठिकाणं, पहाटे साडेपाचला दारावर थाप, बॅगा बाहेर ठेवा, आणि देवळात गेलं की चाळीस मिनिटं, त्यातली वीस चपला सोडण्यात आणि शोधण्यात. छत्तीस वर्षं बँकेत कॅशियर म्हणून घड्याळाकडं बघत काढली आणि आता पैसे भरून परत तेच? बायको म्हणाली पुढच्या वेळी आपली एसटी बरी, वाटेल तिथं उतरू.

तर ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, 65 ते 75 वयाला एसटीत अर्धं तिकीट आणि 75 पूर्ण झाली की फुकट. फुकटवालं 26 ऑगस्ट 2022 पासून सुरू झालं. बायकांना तर मार्च 2023 पासून कुठल्याही वयाला अर्धं. म्हणजे आम्ही दोघं मिळून एका तिकिटात. हे सगळं राज्याच्या हद्दीपुरतं बरं का, गोव्याला निघाला असाल तर हद्दीपलीकडचं पूर्ण भाडं लागतं. ओरिजनल आधार जवळ ठेवा.

पहिल्यांदा अर्धं तिकीट मागितलं तेव्हा कंडक्टर म्हणाला, "आजोबा, आधार दाखवा." काका नाही, आजोबा! कार्ड हातात घेऊन जन्मसाल दोनदा वाचलं त्यानं, मग मशीनवर बटण दाबलं. बायकोला काही विचारलं नाही, ती चौसष्टची, तिला वयाचा पुरावा लागतच नाही, दिवसभर त्याच आनंदात होती.

मला मात्र वडील आठवले. पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट असायचं आणि मी तेरा पूर्ण झालो तरी वडील सांगायचे "साडेअकरा", मला आधीच बजावलेलं असायचं की गुडघे वाकवून बस आणि तोंड उघडू नको, कारण आवाज फुटला होता. तेव्हा लहान दिसायची धडपड आणि आता मनात एवढंच की एखाद्यानं तरी म्हणावं, वाटत नाही हो पासष्टचे.

रस्ता कराड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, पुढं गुहागर. श्रावणात गेलो. कोयनानगर आलं की माझं दरवेळी तेच होतं, 11 डिसेंबर 1967 ची पहाट आठवते, मी दहा वर्षांचा होतो, भूकंप झाला आणि आईनं झोपेतूनच ओढत अंगणात आणलेलं, थंडीत पोतं पांघरून उजाडेपर्यंत बसलो होतो. शेजारच्या सीटवर एक पोरगा मोबाईल बघत होता, त्याला सांगावंसं वाटलं, नाही सांगितलं. घाटात ढग थेट खिडकीतून आत, बायकोच्या चष्म्यावर पाणी, आणि कुठल्यातरी वळणावर एक बाई अळूची पानं घेऊन चढली, सगळ्या गाडीला ओल्या मातीचा वास. एसी गाडीत काच बंद असते, तिथं हे मिळत नाही.

कंबर किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर मात्र विचार करून बसा, चाकावरची सीट अजिबात घेऊ नका, स्टँडवर गाडी थांबली की गरज असो नसो जाऊन या. अर्ध्या तिकिटात पुशबॅक सीट मागू नये.

गुहागरात चार दिवस राहिलो, एका घरी जेवायची सोय केली होती, आमसुलाचं सार आणि डाळिंब्यांची उसळ. काय काय पाहिलं विचाराल तर सांगायला फार काही नाही, व्याडेश्वराच्या देवळात बसायचो, संध्याकाळी समुद्रावर. कॅशला दहा रुपये कमी आले तरी टॅली होईपर्यंत खुर्चीवरून उठता यायचं नाही, ती सवय इतकी हाडात की रिटायर झाल्यावरही रात्री झोपताना आज काय केलं याचा हिशोब लावायचो आणि लागायचा नाही, मग चिडचिड. गुहागरात तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की दोन रात्री हिशोब लावायचाच राहून गेला.

येताना चिपळूणला गाडी बदलली. कंडक्टर जवळ आला, मी खिशातून आधार काढेपर्यंत त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि बटण दाबून मोकळा, दोन हाफ. म्हणलं कार्ड तरी बघा, तर म्हणाला राहू द्या हो आजोबा. बायको खिडकीकडं तोंड करून हसत होती, पाटण येईपर्यंत.