स्पीकरला अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पुरते
ठाण्यात इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळणारी २.५ स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांची) तांब्याची वायर घरच्या स्पीकरला उत्तम. स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तार, रोध (विजेला होणारा अडथळा) सुमारे ०.०८ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरपुढे जेमतेम १ टक्का. याहून महाग केबलने आवाज बदलत नाही. फरक पडतो तो ०.५ स्क्वेअर एमएमच्या बारीक वायरीने: तिथे रोध ०.४ ओहमच्या आसपास, ४ ओहमचा स्पीकर असला की बास (खर्जातला आवाज) सैल होतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर घेऊच नका. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी दिसली की परत करा. खाडीच्या दमट हवेत उघडी टोकं हिरवी पडतात, म्हणून गरजेपुरतंच सोला, पीळ घालून बनाना प्लगमध्ये (टर्मिनलच्या भोकात बसणारी धातूची पिन) आवळा. एक सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी ॲम्प्लिफायर जळू शकतो.