एचडीआर छायाचित्रण: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे दृश्यातले अतिउजळ आणि अतिगडद भाग एकाच चित्रात दाखवण्याची रीत, बहुधा कमी-जास्त उजेडाची अनेक चित्रे एकत्र करून) शिकायला घेण्यामागचे माझे कारण एका खोलीपुरते मर्यादित होते. खिडकीबाहेरचे झाड दिसावे आणि आतल्या कपाटातील पुस्तकांची नावेही वाचता यावीत, एवढीच अपेक्षा होती, पण कॅमेरा दर वेळी या दोहोंपैकी एकच गोष्ट देत असे. झाडावर एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) धरले की कपाट काळेठिक्कर पडायचे आणि कपाटावर धरले की खिडकीच्या जागी कोणी पांढरा कागद चिकटवल्यासारखा दिसायचा. गेल्या नऊ महिन्यांत मी या विषयावरचा एक सशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला, चित्रे एकत्र करणारे तीन प्रोग्रॅम वापरून पाहिले आणि २४ मेगापिक्सेलच्या एका साध्या कॅमेऱ्यावर भरपूर सराव केला. पुढील मजकूर या सगळ्याच्या वापराचा आहे; कॅमेऱ्याचे परीक्षण म्हणून तो वाचू नये.

सुरुवात मोजमापाने करते, कारण माझ्या मते शिकण्यासारखे सर्वांत जास्त तिथेच आहे आणि अभ्यासक्रमाने नेमका तोच भाग पाऊण तासात उरकला होता. प्रकाशाचा एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. दहा स्टॉप म्हणजे १,०२४ पट आणि चौदा स्टॉप म्हणजे १६,३८४ पट. आजचे चांगले सेन्सर सर्वांत कमी आयएसओवर (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा ती मांडणी) तेरा-चौदा स्टॉपांचा पल्ला टिपतात असे मोजणीत दिसते, परंतु त्यातील तळाचे काही स्टॉप नॉइजमध्ये (चित्रातल्या रवाळ दाण्यांत) बुडालेले असल्याने छायाचित्रकाराच्या हाती प्रत्यक्षात त्याहून कमी पल्ला येतो. आयएसओ वाढवला की हा पल्ला आणखी आकसतो. म्हणून एचडीआरसाठी कॅमेरा तळाच्या आयएसओवर ठेवावा आणि फाइल रॉ स्वरूपातच (सेन्सरची कच्ची नोंद म्हणून) घ्यावी, या दोन गोष्टींना पर्याय नाही. आठ बिटांच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. सावल्या उचलताना हा फरक पट्ट्यापट्ट्यांच्या रूपाने डोळ्यांना खुपतो.

आता त्याच खोलीचा हिशेब. कॅमेरा स्पॉट मीटरिंगवर (चौकटीतल्या एका छोट्या जागेचाच उजेड मोजण्यावर) ठेवून झाडावर रोखला तेव्हा शटरचा वेग १/१००० आला आणि कपाटावर रोखला तेव्हा १/४. अंतर अडीचशे पटींचे, म्हणजे आठ स्टॉपांचे. त्यावरून मी दोन-दोन स्टॉपांच्या अंतराने पाच चित्रे घ्यायची असे ठरवले आणि पहिले दोन महिने सगळीकडे हेच करत राहिले. चूक कुठे होती ते अन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना क्रमांक देणाऱ्या झोन पद्धतीविषयी वाचले तेव्हा कळले. मीटर ज्यावर रोखावा ते तो मधल्या करड्या छटेवर, म्हणजे पाचव्या झोनवर आणून ठेवतो. गडद लाकडाचे कपाट मधल्या करड्या छटेत दिसावे असे मला मुळीच नको होते. पोत दिसणारी सावली तिसऱ्या झोनमध्ये असते, म्हणून त्याला दोन स्टॉप कमी प्रकाश, म्हणजे १/१५ पुरेसा होता. उन्हातले झाड मात्र मधल्या छटेहून थोडे उजळ शोभते, त्यासाठी १/५०० चालला असता. राहिले पाच स्टॉप. तेवढ्यासाठी १/५००, १/१२५ आणि १/३० अशी तीन चित्रे पुरतात आणि तिसऱ्या चित्राच्या रॉ फाइलमधून उरलेला एक स्टॉप सहज उचलता येतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम (चित्रात डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ छटा किती आहेत याचा आलेख) पाहून खात्री करून घ्यावी, पण तो बहुधा कॅमेऱ्याने स्वतःच तयार केलेल्या जेपेगवरून काढलेला असतो. त्यात उजवीकडची कड किंचित चिकटलेली दिसली तरी रॉमध्ये तपशील शिल्लक असू शकतो, हेही अनुभवाने उमगले.

प्रत्यक्ष चित्रे घेण्याची शिस्त सोपी आहे आणि पंधरवड्यात अंगवळणी पडते. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, फोकस एकदा साधून मॅन्युअलवर, व्हाइट बॅलन्स ठरावीक. ट्रायपॉडवर लेन्सचे स्टॅबिलायझेशन बंद. एक्स्पोजर बदलायचे ते फक्त शटरने, कारण अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) बदलले की प्रत्येक चित्रात फोकसची खोली वेगळी येते आणि कडा जुळत नाहीत. ऑटो आयएसओ बंद करायला मात्र मी एकदा विसरले होते. कॅमेऱ्याने शटरचा वेग तसाच ठेवून आयएसओच वरखाली केला आणि ज्या उजळ चित्रातून स्वच्छ सावल्या मिळायच्या, त्याच चित्रात सर्वाधिक नॉइज भरला. दुसरा प्रमाद अधिक महागात पडला: ब्रॅकेटिंग (एकामागून एक कमी-जास्त एक्स्पोजरची चित्रे आपोआप घेण्याची सोय) चालू राहिले आणि दुसऱ्या दिवशी मुलांच्या धावण्याच्या शर्यतीत दर तिसरे चित्र अंधारातले, दर तिसरे पिठासारखे पांढरे निघाले. अंतिम रेषेवरचा क्षण अर्थातच पांढऱ्यांपैकी निघाला. तेव्हापासून ब्रॅकेटिंगची मांडणी मी कॅमेऱ्याच्या वेगळ्या कस्टम मोडमध्ये साठवून ठेवली आहे आणि काम झाले की चकती जागेवर आणल्याशिवाय कॅमेरा पिशवीत जात नाही.

अभ्यासक्रमाविषयी माझी मुख्य तक्रार अशी की दहापैकी सहा धडे स्लायडर आणि तयार प्रीसेट यांवरच खर्ची पडले होते, आणि चित्रे एकत्र करणे व एकत्र केलेले चित्र दाखवण्याजोगे करणे ही दोन वेगळी कामे आहेत हे कुठेही नीट सांगितले नव्हते. कल्पना तशी जुनी आहे. फ्रान्समधील छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकातच समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह वापरून एकच प्रिंट काढली होती. संगणकीय पद्धतीला पक्के रूप देणाऱ्या कामांपैकी एक म्हणजे पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांचा १९९७ चा शोधनिबंध. वेगवेगळ्या वेळांच्या एक्स्पोजरवरून कॅमेऱ्याचा प्रतिसाद कसा वळतो हे काढायचे आणि त्यावरून दृश्यातल्या प्रत्येक बिंदूपाशी किती प्रकाश होता याचा नकाशा बांधायचा, अशी ती रीत. हा नकाशा म्हणजे खरी एचडीआर फाइल. साध्या पडद्याला ती पेलत नाही. म्हणून तिला दाबून पडद्याच्या आवाक्यात बसवावे लागते आणि त्या दाबण्याला टोन मॅपिंग म्हणतात. एचडीआर म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर जी भडक, काजळी फासलेल्या ढगांची चित्रे येतात, त्यांचा दोष या दुसऱ्या पायरीचा आहे.

तसली चित्रे मीही भरपूर केली, हे कबूल केले पाहिजे. एका इमारतीच्या छताची कड आकाशासमोर घेतली होती. पूर्ण आकारात पाहिली तेव्हा छताला लागून बोटभर रुंदीचा फिकट पट्टा होता, आकाशाचा निळा रंग कडेपाशी उजळत जाऊन दोन बोटे दूर पुन्हा गडद होत होता आणि इमारतीला जणू कोणी दिव्याची झालर लावली होती. यालाच हेलो म्हणतात. स्थानिक टोन मॅपिंगमध्ये प्रत्येक बिंदूला किती उजळायचे हे त्याच्या आजूबाजूच्या सरासरीवरून ठरते. कडेजवळच्या आकाशाच्या सरासरीत गडद भिंतही मिसळते, त्यामुळे प्रोग्रॅम त्या आकाशालाही सावलीतले समजून उचलतो. स्ट्रेंग्थ निम्म्यावर आणली आणि आजूबाजूचे क्षेत्र किती मोठे धरायचे हे बदलून पाहिले, तेव्हा झालर बरीच विरली, पूर्ण गेली नाही. माणसांच्या चेहऱ्यावर मी ही रीत आता वापरत नाही. कातडीवरची प्रत्येक खळी आणि डाग खोदून काढल्यासारखा दिसतो, आणि ज्यांचे चित्र काढले त्यांना ते आवडत नाही.

माझी गाडी रुळावर आली ती एक्स्पोजर फ्यूजनने. टॉम मर्टेन्स, यान काउट्झ आणि फ्रँक व्हॅन रीथ यांनी २००७ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत मधली एचडीआर फाइल बनतच नाही. प्रत्येक चित्रातील प्रत्येक बिंदूला कॉन्ट्रास्ट, रंगाचा गडदपणा आणि एक्स्पोजर किती नीट आहे या तीन कसोट्यांवर वजन दिले जाते आणि सरस बिंदू एकमेकांत मिसळले जातात. जोड दिसू नयेत म्हणून मिसळण्याचे काम बारीक तपशिलापासून मोठ्या आकारांपर्यंत वेगवेगळ्या थरांत चालते. एन्फ्यूज हा यावर आधारलेला विनामूल्य प्रोग्रॅम मी सहा महिने वापरते आहे. त्याचे रूप रुक्ष आहे, पण निकाल डोळ्यांनी पाहिलेल्या दृश्याच्या जवळ जातो आणि भडकपणा आणायचा म्हटला तरी सहजी येत नाही, हा मला त्याचा मोठा गुण वाटतो. उणीव एवढीच की निकाल कधी कधी मिळमिळीत निघतो आणि शेवटी मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट हाताने वाढवावा लागतो.

हलणाऱ्या वस्तूंचा प्रश्न मात्र कोणत्याच पद्धतीने पूर्ण सुटला नाही. खोलीच्या चित्रात वाऱ्याने पडदा हलत होता. एकत्र केलेल्या चित्रात त्याला तीन काठ आले, दोन पारदर्शक आणि एक ठसठशीत. डीघोस्टिंग चालू केले की प्रोग्रॅम हललेल्या भागापुरते एकच चित्र निवडतो, त्यामुळे पडदा एकसंध झाला, पण निवडलेले चित्र अंधारातले असल्याने पडद्याच्या तुकड्यावर रवाळ नॉइज आला आणि शेजारची भिंत गुळगुळीत राहिली. ठिगळ लावल्यासारखे ते दिसत होते. यावर मला लाभलेला उपाय अगदी घरगुती आहे: खिडकी लावून घ्यावी. बाहेर झाडे असतील तर वारा थांबेपर्यंत वाट पाहावी, किंवा पाने एकाच चित्रातून घ्यायची असे आधीच ठरवून मास्क (कोणता भाग कोणत्या चित्रातून घ्यायचा हे सांगणारा थर) हाताने रंगवावा.

ट्रायपॉड नेणे शक्य नसते तिथे मी फोनकडून एक युक्ती उचलली. आयफोन ४ वर २०१० मध्ये आलेली एचडीआर सोय तीन वेगळी एक्स्पोजर जोडत असे. गूगलच्या एचडीआर प्लसने पुढे वेगळी वाट धरली आणि मुद्दाम कमी एक्स्पोजरची एकसारखी अनेक चित्रे झपाट्याने घेऊन त्यांची सरासरी काढली. कमी एक्स्पोजरमुळे उजळ भाग जळत नाहीत आणि सरासरीमुळे सावल्यांतील नॉइज खाली येतो, तोही चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. नऊ चित्रांची सरासरी घेतली की नॉइज एक तृतीयांश राहतो. कॅमेरा हातात धरून सलग नऊ चित्रे घ्यायची, संगणकावर एकावर एक जुळवायची आणि सरासरी काढायची, हे मी एका जिन्यात करून पाहिले. जिना अरुंद, वर काचेचे छत, खाली जवळजवळ अंधार. छताच्या चौकटीतली जाळी शाबूत राहिली आणि तळाच्या पायऱ्यांचे दगड रवाळ न होता उचलता आले. त्या ठिकाणी पाच एक्स्पोजर हातात धरून घेतली असती तर सर्वांत लांब एक्स्पोजर नक्कीच हलले असते.

जागेचा आणि वेळेचा खर्च कोणी आधी सांगत नाही. माझ्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल सुमारे २८ मेगाबाइटची असते. पाचांचे १४० होतात आणि एकत्र केलेली फाइल वर वेगळी. पहिल्या दोन महिन्यांत अविचाराने घेतलेल्या पाच-पाचच्या संचांनी माझी जुनी डिस्क भरून गेली. त्यांतील चाळीस संच पुन्हा उघडून पाहिले तेव्हा सव्वीस ठिकाणी मधल्या एका रॉ फाइलमधून सावल्या उचलूनही तसेच चित्र मिळाले. ज्या चौदांना खरोखर अनेक एक्स्पोजर लागली, त्यांतील बहुतेकांत उजेडाचा उगमच चौकटीत होता: खिडकी, दिवा, मावळता सूर्य.

छपाईचीही एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. चकचकीत कागदावरची चांगली प्रिंटसुद्धा जेमतेम सहा-सात स्टॉप दाखवते, मॅट कागद त्याहून कमी. म्हणजे पडद्यावर मोकळेपणाने श्वास घेणारे चित्र कागदावर पुन्हा दाबावे लागते, आणि काय अंधारात सोडून द्यायचे हे तिथे ठरवावेच लागते. खोलीचे चित्र मी अखेर दोनच एक्स्पोजरांतून केले, खिडकीचा मास्क हाताने रंगवला आणि मॅट कागदावर छापून घेतले. झाड दिसते, वरच्या तीन फळ्यांवरच्या पुस्तकांची नावे वाचता येतात. तळाची फळी काळोखात आहे, आणि ती उजळण्यासाठी मी पुन्हा संगणकावर बसलेले नाही.